न पाहिलेल्या देशाचा गाईड

आमच्या गाईडनं तो देश स्वतः कधी पाहिलेला नव्हता. ही गोष्ट तो लपवत नसे. उलट प्रत्येक सहलीच्या सुरुवातीला घसा खाकरून, काहीशा अभिमानानंच सांगायचा, ‘मी स्वतः अजून उझबेकिस्तानला गेलेलो नाही.’ एवढं बोलून पुढचा तासभर तो समरकंदच्या चौकात आम्हाला असा फिरवायचा, की तिथल्या लोकांनी त्याला पुढच्या निवडणुकीत उभं करावं.

मिलिंददादा बाडहूव्हडॉर्प नावाच्या डच गावात आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. मूळचा नागपूरचा, इंदोऱ्याचा. झुइडास या उंच ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेचे डेटाबेस सांभाळायचा. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ‘वेळ मिळाला नाही’ म्हणायचा. वेळ कुठे जातो, हे त्याच्या घरी गेल्यावर कळायचं. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो आणि उरलेल्या भिंतीवर छतापर्यंत मध्य आशियाचा नकाशा.

आमची चार-पाच मराठी कुटुंबं तोवर युरोप पाहून थकली होती. म्हणजे ट्यूलिप दरवर्षी, पॅरिस पाहुणे येतील तेव्हा आणि स्वित्झर्लंड एकदाच, पण फोटो आयुष्यभर पुरतील इतके. आता काहीतरी हटके हवं, असा सूर निघाला, तेव्हा दादानं उझबेकिस्तान सुचवलं. निम्म्या लोकांनी हा देश कुठे आहे ते फोनवर शोधलं आणि निळ्या घुमटांचे फोटो दिसताच आपण लहानपणापासून तिथेच जायचं ठरवलं होतं असं जाहीर केलं. मग इतिहास, संस्कृती, स्थापत्य या विषयांवर गंभीर चर्चा झाली. तिचा सारांश असा, की तिथे व्हेज मिळतं का.

दादाची एकच अट होती. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा सगळं करू, पण शेवटी तेरमेझला जायचं. हे गाव त्या देशाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. नदी ओलांडली की अफगाणिस्तान. तिथे पाहायला काय आहे, असं विचारल्यावर त्यानं बौद्ध विहार आहेत असं सांगितलं आणि फोटो दाखवला. फोटोत मातीच्या रंगाच्या गुडघाभर भिंती होत्या. माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, बांधकाम कधीपर्यंत पूर्ण होईल, अशी चौकशी केली.

दादा हसला नाही. ‘झालं होतं,’ तो म्हणाला. ‘दोन हजार वर्षांपूर्वी.’

त्याच्या नावाचा राजाही त्याच बाजूच्या ग्रीक घराण्यातला होता, हे तो ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. आमच्यापैकी कुणाच्याच नावाचा राजा कुठे नसल्यामुळे वाद घालता येत नसे. तेरमेझ ठरलं. तिकिटं निघाली. वसंतात जायचं होतं आणि तो वसंत दोन हजार वीसचा होता.

पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे. आमचं गाव विमानतळाला चिकटून. एरवी अंगणात बोलताना दर दोन वाक्यांनी थांबावं लागतं. त्या मार्चमध्ये आकाश गप्प झालं आणि इथे पक्षी असतात हा शोध लागला. सरकारनं आपल्या लॉकडाउनला ‘हुशार’ असं विशेषण लावलं होतं. त्या हुशारीत लोकांनी सुपरमार्केटमधला टॉयलेट पेपर संपवला. आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, पूर्वी कुठल्याही आजारावर पॅरासिटामॉल घेऊन घरी बसा म्हणायचा. आता तोच सल्ला साऱ्या जगाला मिळू लागला.

सहल रद्द झाल्याचं दुःख आम्ही आठवडाभर केलं आणि मग केक करायला शिकलो. दादानं मात्र ग्रुपवर संदेश टाकला, की सहल ठरल्याप्रमाणे होईल, रविवारी दुपारी, व्हिडिओवर.

पहिल्या रविवारी तो पडद्यावर आला तेव्हा डोक्यावर उन्हाची टोपी होती, टेबलावर पाण्याची बाटली होती. बाहेर पाऊस पडत होता. त्यानं आम्हाला समरकंदच्या रेगिस्तान चौकात उभं केलं. तीन बाजूंना तीन मदरसे. ‘आता मान उजवीकडे वळवा. पूर्ण वळवा. त्या कमानीवर वाघ दिसतोय, पण लोक त्याला सिंह म्हणतात.’ आम्ही आपापल्या सोफ्यावर बसून माना वळवल्या आणि आपापल्या फ्रिजकडे पाहिलं. मधेच तो म्हणाला, की सगळे दमले असतील, तुतीच्या सावलीत थोडं बसू. आणि खरोखर गप्प बसला. त्या शांततेत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र डच. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, ‘साय.’ डचमध्ये याचा अर्थ कंटाळवाणं. पडद्याच्या एका कोपऱ्यात कुणाचा तरी छताचा पंखा फिरताना दिसत होता. त्या पंख्यातून एक वयस्कर आवाज आला, ‘पोरीला साय पाहिजे तर दे ना बाप्पा, काहून अडवून राहिली?’

ही दादाच्या आईशी माझी पहिली ओळख. नागपूरला महानगरपालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे, दादासुद्धा. फोन त्या टेबलावर आडवा ठेवायच्या, त्यामुळे आम्हाला त्यांचा चेहरा कधी दिसला नाही. पंखा मात्र आम्ही पुरता ओळखू लागलो.

सहली चालू राहिल्या आणि सहलकरी गळू लागले. ताश्कंदची मेट्रो लोकांनी सहन केली, कारण स्टेशनांत झुंबरं होती. बुखाऱ्याचा उंच मिनार आवडला. खिव्याला पोचेपर्यंत कुणाचं नेट जाऊ लागलं, कुणाला ऐन रविवारी ऑफिसचं काम निघू लागलं. घराबाहेर पडायला बंदी असल्यासारख्या दिवसांत माणसं इतकी व्यस्त कशी, हे कोडं दादाला पडलं नाही. शेवटी तो तेरमेझला पोचला, तेव्हा मी, तो आणि पंखा एवढेच उरलो होतो. मी का उरले, याचं श्रेय माझ्या इतिहासप्रेमाला देऊ नका. त्या वेळी प्रशांत मुलीला सायकलवर फिरवायला नेत असे आणि घरात एक तास कुणी मला हाक मारत नसे.

बाई मात्र ऐकत होत्या. आणि विचारत होत्या. विहारातले भिक्खू झोपायचे कुठे, थंडीत पांघरायचे काय, झाडलोट कोण करायचं. दादाच्या पुस्तकांना असले प्रश्न ठाऊक नव्हते. तो पुढच्या रविवारपर्यंत शोधून ठेवायचा आणि तोपर्यंत बाईंचे नवे प्रश्न तयार असायचे.

त्या उन्हाळ्यात एकदा दादा आणि मी रिंगफार्ट कालव्याच्या काठानं चालत होतो. मधे सरकारनं ठरवून दिलेलं दीड मीटर अंतर. त्या अंतरावरून गुपित सांगायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे दादानं जे सांगितलं ते दोन कुत्रेवाल्यांनीही ऐकलं असणार. बाईंना काचबिंदू होता. नजर कडेनं विझत चालली होती. समोरचं दिसायचं, पण बाजूचं बघायला पूर्ण मान वळवावी लागायची. दादा दर वेळी मान वळवायला का लावतो, ते मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे उगाच फ्रिज बघत होतो. तो एका माणसाला बघायला सांगत होता.

आम्ही इथे राहायला येण्याआधी बाई दोनदा युरोपला येऊन गेल्या होत्या. त्यानं त्यांना पवनचक्क्या दाखवल्या, आयफेल टॉवर दाखवला, बर्फ दाखवला. परत जाताना विमानतळावर त्या म्हणाल्या होत्या, ‘छान आहे रे सगळं. पण हे दुसऱ्यांचं. मला आपलं काही दाखव.’ बुद्धाचा धम्म मध्य आशियात पोचला, हे एक वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पोचला म्हणजे नेमका कुठे, हे पोरांनी विचारलं, की त्या नकाशावर अंदाजे हात फिरवायच्या. म्हणून हा सगळा घाट होता. त्या दिल्लीहून ताश्कंदला येणार होत्या, तो इथून, आणि आम्ही हटके लोक निळ्या घुमटांसाठी सोबत.

डॉक्टर म्हणाले होते, थोडी वर्षं हाताशी आहेत. त्यातलं पहिलं आम्ही केक करण्यात घालवलं.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नागपूरची जी अवस्था झाली, तिच्यावर टोमणे मारायची माझी हिंमत नाही. भारतातून येणारी विमानं बंद झाली. बाई घरीच आजारी पडल्या. इंदोऱ्यातली पोरं ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन जिना चढत होती आणि दादा इथे बसून त्यांना फोनवर जिन्याचं वळण समजावत होता, जणू ती पोरं त्याच जिन्यावर लहानाची मोठी झाली नव्हती. रविवारी सहल नव्हती. त्याच्या पुढच्याही रविवारी नव्हती. मी लॅपटॉप उघडून बसायचे आणि बंद करायचे. मग एका दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात तो पंखा पुन्हा दिसला. कुणाच्या घरचा पंखा पाहून आपल्या डोळ्यांत पाणी येईल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं असतं.

त्यानंतर दादा फार सावध झाला. सफरचंदं साबणानं धुवायचा. सगळे मास्क काढून मोकळे झाले, तेव्हाही हा दोन लावायचा. पुढच्या वसंतात, वाट जरा मोकळी झाल्यावर, त्यानं नवी तिकिटं काढली. आमच्यापैकी कुणी जात नव्हतं. आमची हटके हौस तोवर स्पेनच्या किनाऱ्याकडे वळली होती. बाई त्यांच्या शाळेतल्या जुन्या सहकारी कुंदाबाई यांना घेऊन दिल्लीला पोचल्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी दादाच्या चाचणीवर दुसरी रेघ उमटली. दोन वर्षं अख्ख्या गावाला झाला तेव्हा ज्याला झाला नाही, त्याला बरोबर त्या दिवशी झाला.

मी सूप घेऊन गेले, दारात ठेवलं आणि मागे सरकले. तो वरच्या खिडकीत फोन स्पीकरवर ठेवून उभा होता. पुढच्या महिन्यात जाऊ, असं आईला विनवत होता. तिकडून बाईंचा आवाज आला. रागाचा नव्हता, वर्गात शेवटची सूचना देतात तसा होता.

‘दोन वर्षं तू घरी बसून दाखवलंस. मी पाहिलं. आता मी जाते.’

‘तुला तिथलं काही माहीत नाही, आई.’ त्या दिवशी तो बाई म्हणाला नाही.

‘तुला तरी काय माहीत आहे? तू कुठे गेला आहेस? डोळे नाही थांबत रे.’

त्या गेल्या. साठी कधीच ओलांडलेल्या दोन निवृत्त शिक्षिका, एकीला बाजूचं दिसत नाही आणि दुसरीला ऐकू कमी येतं. ताश्कंदहून त्यांनी तेरमेझ गाठलं आणि उझबेक सोडून कुठलीही भाषा न बोलणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर फयाझतेपेच्या विहारापर्यंत पोचल्या. तिथून बाईंनी व्हिडिओ लावला. दादानं मलाही जोडून घेतलं. आयुष्यात प्रथमच पडद्यावर पंखा नव्हता. आकाश होतं, वारा होता आणि त्या मातकट भिंती होत्या. फोटोतल्यापेक्षाही बुटक्या.

दादा तापानं लाल झाला होता आणि थांबत नव्हता. डावीकडे खोल्या आहेत, उजवीकडे देवळाचा भाग, पुढे स्तूपावर नवा घुमट बांधलाय, त्याच्या खिडकीतून आतला जुना स्तूप दिसेल, मान पूर्ण वळव, सावकाश जा, पायरी आहे.

‘मिलिंद,’ बाई म्हणाल्या, ‘आता तू बोलू नको. मला पाहू दे.’

फोन कुंदाबाईंच्या हातात गेला आणि मी पहिल्यांदा बाईंना पाहिलं. लहानखुऱ्या, पांढरं पातळ, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी एका भिंतीवर तळवा टेकवला आणि तिच्या कडेकडेनं, मान या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवत, सगळ्या खोल्या पाहिल्या. घुमटाच्या खिडकीपाशी बराच वेळ वाकून राहिल्या. मग जमिनीवर बसल्या आणि हलक्या आवाजात त्रिसरण म्हणू लागल्या. वाऱ्यामुळे ते नीट ऐकू येत नव्हतं. इकडे बाडहूव्हडॉर्पमध्ये वरच्या मजल्यावर कोंडलेल्या दादानं टोपी काढली आणि हात जोडले. ती टोपी त्यानं त्या दिवशीही घातलेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

निघताना बाईंनी फोन हातात घेतला. खूप काही सांगतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘पोरांना आता नीट सांगता आलं असतं.’

दीड वर्षानं दादानं इथली नोकरी सोडली. भिंतीवरचा नकाशा आम्ही दोघांनी मिळून उतरवला. खाली रंगाचा फिकट चौकोन उरला, म्हणून घरमालकानं कुरकुर केली. नागपूरला नोकरी मिळाली का, असं सगळे विचारत होते. त्यांना ‘बघू’ असं उत्तर मिळे. निरोपाच्या जेवणात ग्रुपनं त्याला पवनचक्कीचा शोपीस भेट दिला. आम्ही त्याला इतकी वर्षं किती नीट ओळखलं होतं, याचा तो पुरावा होता.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूरला त्यांच्या घरी गेले. बाईंना आता जवळजवळ काही दिसत नाही. ओसरीवर गल्लीतल्या चार-सहा बाया बसल्या होत्या आणि बाई त्यांना तेरमेझ सांगत होत्या. खोल्या किती लहान, भिंतीला हात लावला तर कशी ऊब लागते, आणि विहाराच्या उत्तरेला ती मोठी नदी कशी चमकते.

नदी दक्षिणेला आहे. एवढा भूगोल आता मलाही येतो. मी दादाकडे पाहिलं. तो दाराशी बसून शेंगा सोलत होता. त्यानं वर पाहिलं, मग पुन्हा खाली मान घातली आणि सोललेले दाणे आईच्या हातात दिले.

‘उत्तरेला,’ तो म्हणाला. ‘मग पुढे?’