एल्विन कॉर्कमने आवळलेली कयाक

एल्विन कॉर्कमने बांधलेली वस्तू सुटत नाही, हे नोव्हा स्कॉशियाच्या त्या किनाऱ्यावर सगळ्यांना मान्य होतं. तिथे लॉबस्टरचा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी उघडतो. त्या पहाटे प्रत्येक बोट सापळ्यांचा डोंगर पाठीवर घेऊन निघते आणि वारा नेमका त्याच दिवशी चेकाळलेला असतो. इतरांचे सापळे समुद्रात पडत, एल्विनचे पडत नसत. दोर ओढून झाला की तो त्यावर अंगठा मारून बघायचा. दोर तारेसारखा वाजला तरच बोट धक्का सोडायची.

गुडघे गेले तेव्हा त्याने बोट विकली, परवानाही विकला. हात मात्र शाबूत राहिले आणि त्यांना बांधायला काही उरलं नाही. मग अंगणातलं बाक, कचऱ्याचे डबे, पाखरांना दाणे ठेवायची पेटी, सगळं त्याने बांधून टाकलं. बाक जरा उन्हात ओढायचं म्हटलं तरी त्याच्या बायकोला, थेल्डाला, स्वयंपाकघरातून सुरी आणावी लागे.

एवढ्यात घरात पिवळी कयाक आली. वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, प्लॅस्टिकची, एका माणसाची, थेल्डाची. खाडीच्या तोंडाशी जे बेट दिसतं ते तिचं माहेर. आता तिथे कोणी राहत नाही. घराचा पाया आणि तिच्या आईने लावलेलं लायलॅकचं झाड, एवढंच शिल्लक आहे. लग्न झाल्यापासून ती म्हणत आली होती, "जूनमध्ये लायलॅक फुलतो, तेव्हा एकदा घेऊन चल." एल्विनची बोट त्या बेटावरून रोज जायची. पण मेअखेरपर्यंत हंगाम, आणि जूनमध्ये बोट रंगवायला काढलेली. असं करता करता बोटच विकली गेली. तेव्हा शाळेच्या खानावळीतली नोकरी संपल्यावर थेल्डा स्वतः वल्हवायला शिकली. ऑगस्टमध्ये बेटावर जाऊनही आली. पण ऑगस्टमध्ये लायलॅकला नुसती पानं.

"येत्या जूनमध्ये जाणार," ती म्हणाली. "आता मला कुणाच्या बोटीचा रंग वाळायची वाट बघायची नाही."

थंडी सुरू झाली तसा कयाक ठेवायची कुठे हा प्रश्न निघाला.

"गॅरेजमध्ये ठेवू," थेल्डा म्हणाली.

"गॅरेजमध्ये दोर आहेत."

"मग दोर बाहेर ठेव."

नातवंडांना बर्फात झोपवायला सांगितल्यासारखा एल्विनचा चेहरा झाला.

"बरं, बाहेर तर बाहेर. पण कयाकच्या दुकानातल्या बाईने सांगितलंय तशी," थेल्डा म्हणाली. "उत्तरेच्या भिंतीला, उन्हापासून लांब. कुशीवर टेकवायची, खाली काहीतरी मऊ घालायचं. ताडपत्री वर तंबूसारखी, अंगाला चिकटलेली नको. बर्फ साचला की झाडायचा. आणि पट्टे सैल."

"सैल?"

"सैल. प्लॅस्टिक आहे ते, आवळलं की दबतं."

"हे त्या बाईने वाऱ्याला सांगितलंय का?"

आणि मग थेल्डा चर्चमधल्या जेवणाला आंबवलेला कोबी वाढायला गेली, तेवढ्यात एल्विनने काम उरकलं. दक्षिणेची भिंत निवडली, कारण वादळ ईशान्येचं येतं. दोन लाकडी घोड्या मांडल्या, कयाक त्यांवर पालथी घातली, अंगाबरोबर ताडपत्री लपेटली. वरून दोन पट्टे टाकून जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना अडकवले आणि त्यांच्या खटक्यांचं दांडकं कडकड करत आवळलं. अंगठा मारला. वाजलं.

शेजारी गार्नेट वेंझेल कुंपणावर कोपर टेकून बघत होता. त्याची हिरवी कयाक शेडच्या मागे एका स्प्रूसच्या झाडाला टेकवलेली होती आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने कशीबशी अडकवलेली होती.

"गार्नेट, तुझी कयाक मार्चमध्ये आयर्लंडला सापडेल बघ."

"तिकडनं पत्र टाकेल की. तुझी बिचारी श्वास तरी घेतेय का रे?"

थेल्डा परतली, तिने ते गाठोडं पाहिलं आणि तोंड उघडलं. "एक वादळ जाऊ दे, मग बोल," एल्विन म्हणाला.

वादळ आलं. गार्नेटची कयाक सकाळी रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात सापडली. ती शेपटीला धरून ओढत तो शीळ घालत घरी आला. एल्विनची जागची हलली नव्हती. त्याने मोठ्या थाटात थेल्डाला खिडकीत बोलावलं, बोट दाखवलं, आणि त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

एकच गोष्ट त्याला खटकली. पट्टे थोडे ढिले झाले होते. त्याने दांडकं दोन खटके ओढलं. पुढच्या वादळानंतर पुन्हा ढिले. लख्ख ऊन पडलेल्या आठवड्यात तर वारा नसतानाही ढिले. पण एल्विनने सगळं खापर वाऱ्यावर फोडलं.

"केवढा जोर असेल बघ," तो गार्नेटला सांगायचा. "खटक्यांचे पट्टे ढिले करतो म्हणजे गंमत आहे का? मी होतो म्हणून."

पट्टे ढिले होत नव्हते, कयाक बारीक होत होती. हिवाळाभर तिने हळूहळू माघार घेतली आणि हिवाळाभर एल्विनने तिचा पाठलाग केला.

मेमध्ये थेल्डाने ताडपत्री ओढली.

"एल्विन," ती म्हणाली, "हिला कंबर कुठनं आली?"

तळाला दोन ठिकाणी सूप वाढता येईल एवढे खळगे पडले होते आणि कणा एका बाजूला वाकला होता. तिचं बोलणं ऐकून कुंपणापलीकडून गार्नेट आला. त्याने कयाकला एक फेरी मारली, टोपी काढली.

"हलली मात्र नाही हं," तो म्हणाला. "मानलं."

थेल्डा आत गेली. त्या दिवसापासून एल्विनच्या ताटात बरणीतला खारवलेला हेरिंग मासा पडू लागला, दुसरं काही नाही. भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. हेरिंगला उत्तर देता येत नाही.

"दुसरी घेऊ," चौथ्या जेवणाला तो म्हणाला.

"ही कुठे हरवलीय? तू बांधून ठेवली होतीस ना? उद्या ऊन आहे. पाणी तापव."

दुसऱ्या दिवशी कयाक कुशीवर उन्हात ठेवून थेल्डा बाहेरून किटलीने गरम पाणी ओतत होती, आणि एल्विन बसायच्या भोकातून कमरेपर्यंत आत शिरून खांद्याने तळ ढकलत होता. बाहेर फक्त त्याचे गमबूट.

"ढकल!"

"ढकलतोय!"

"बांधताना एवढाच जोर होता का?"

टॉक् असा आवाज होऊन एक खळगा बाहेर आला. दुसरा अर्धाच आला. कणा तसाच वाकडा राहिला.

जूनमध्ये एका शांत सकाळी थेल्डा निघाली. एल्विन आणि गार्नेट धक्क्यावर उभे. जरा पुढे गेल्यावर कयाक डावीकडे वळू लागली, बेट सोडून खडकांच्या दिशेने. एल्विनकडे मागे जायला बोट नव्हती, हातात नुसता दोर होता. सवयीने आणलेला. तो त्याने पिळायला सुरुवात केली.

"उजवीकडे! थेल्डा, उजवीकडे!"

"ओरडू नकोस रे," गार्नेट म्हणाला. "तुला एवढी वर्षं सरळ चालवतेय ती. हे तर नुसतं प्लॅस्टिक."

थेल्डा थांबली, वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, जरा विचार केला. मग डावीकडे दोन, उजवीकडे एक असं वल्हवत, किंचित तिरकी, बेटाकडे गेली.

दुपारी परत आली तेव्हा कयाकच्या नाकाडावर जांभळ्या लायलॅकचा भारा होता. एल्विनने आधी तेच पाहिलं. एकही फांदी बांधलेली नव्हती, आणि एकही पडलेली दिसत नव्हती. त्याने तिला हात देऊन वर घेतलं. संध्याकाळी ताटात मासळीचं कालवण होतं.

पुढच्या नोव्हेंबरात थेल्डाने कयाक उत्तरेच्या भिंतीला कुशीवर टेकवली, खाली जुन्या उशा घातल्या, पट्टे स्वतः लावले. एल्विनच्या हातात झाडू दिला. "बर्फ झाडायचा. बाकी हात खिशात."

पहिल्या बर्फानंतर तो गेला आणि ताडपत्रीवरचा बर्फ नीट झाडला. मग इकडे तिकडे बघून पट्ट्याखाली बोटं सरकवली. चारही बोटं आत गेली, आणि अंगठाही. खिडकीवर आतून टकटक झाली.

त्याने हात काढून खिशात घातला.