उपाशीपोटीचा आकडा

६ फेब्रुवारी, मंगळवार. थंडी कमी. पाणी साडेसहाला आलं, पावणेआठला गेलं. खिडकीच्या काचा पुसल्या. वन्संची साखर काल झोपताना १२६, आज उपाशीपोटी १९४. मध्ये काही खाल्लं नाही म्हणतात.

त्या ‘म्हणतात’मध्ये माझा सगळा संशय होता. हे गेल्यापासून घरात मी आणि यांची थोरली बहीण, अशा दोघीच. वन्संनी लग्न केलं नाही. बटणांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं गोदाम सांभाळलं. चिठ्ठीशिवाय मालकालाही बटण द्यायच्या नाहीत. कामगार पाठीमागे त्यांना ‘कुलूप’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

अशा बाईवर चोरून खाल्ल्याचा संशय घेताना मला लाज वाटायला हवी होती. पण पंधरा दिवस रोज तेच. रात्री आकडा ठीक, सकाळी चढलेला. मी डब्यातली बिस्किटं मोजून ठेवली. एकही कमी झालं नाही, तेव्हा मनात आलं, साखर खात असतील. साखर कुठे मोजता येते?

बुधवारी त्या झोपल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात पीठ भुरभुरलं. सकाळी पीठ जसंच्या तसं, आकडा १९१. झाडू घेऊन येते तोवर वन्सं तिथे उभ्या.

“काय पेरलंस वहिनी? उगवलं का काही?”

मी वाकून पीठ झाडायला लागले.

“तोंडावर विचारायचंस.”

“तुम्ही नाहीच म्हणाला असता.”

“म्हणालेच असते. खरं तेच आहे.” मग आवाज चढवून म्हणाल्या, “आज माझ्या खोलीला बाहेरून कडी घाल. उद्या मी सुटले तरी तू माझी माफी मागणार नाहीस, ते मला माहीत आहे.”

मी कडी घातली. शुक्रवारी सकाळी काढली. आकडा १९८.

“घे. आता कडीवर फिर्याद कर,” असं म्हणून वन्सं हसू लागल्या, आणि मध्येच थांबल्या. त्यांनी उशी उचलून पाहिली. वाकून पलंगाखाली पाहिलं. मग स्वतःचा तळहात नाकाशी नेऊन हुंगला.

“आत माझ्याशिवाय कोणी नव्हतं ना गं?”

दुपारपर्यंत त्यांनी बॅग भरली होती. वृद्धाश्रमात फोनही झाला होता, सोमवारी जायचं होतं. मी म्हटलं, वन्सं, माझं चुकलं, मला शंभर शब्द ऐकवा, पण जाऊ नका.

“तुझ्यामुळे नाही जात मी. गोदामात माल कमी पडला की सगळे ओरडतात. पण माल वाढला, आणि कुठून आला ते कळेना, तर ते जास्त वाईट. झोपेत मी काय करते ते मलाच माहीत नाही. उद्या गॅस उघडा टाकला तर?”

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मी त्यांना ओढूनच नेलं. डॉक्टरीणबाई सगळं ऐकून घेताना हसल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या पहाटे चारला दोघी समोरासमोर बसा. दर दीड तासाने सुई टोचा. तोंडात फक्त पाणी.”

चारला १३४.

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी आम्ही बसलो. वन्संनी दोन्ही हात उताणे करून टेबलावर ठेवले होते, झडती द्यायला ठेवतात तसे. फ्रिज घुरघुरायचा, गप्प व्हायचा. मी त्यांच्या ओठांवरून नजर काढली नाही.

साडेपाचला १५७.

“पाहत होतीस ना?”

“पाहत होते.”

“मग हे कुठून आलं?”

वन्संनी वळून खुर्चीमागे पाहिलं. मीही पाहिलं. भिंत होती, खुंटीवर पिशवी होती. त्यानंतर आम्ही कुजबुजत बोलायला लागलो. का, ते सांगता येणार नाही. बाहेर उजाडत होतं, समोर बसलेली बाई हलत नव्हती, आणि तिच्या आत काहीतरी भरत चाललं होतं.

सातला १८९. “आपण इथे बसलो होतो,” त्या म्हणाल्या, “आणि कोणीतरी काम करत होतं.”

दहा वाजता डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहून मान हलवली. जेवल्यावर रक्तातली साखर इन्सुलिन आत साठवायला लावतं, त्यातली बरीच यकृतात. पोट रिकामं झालं की ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक यकृताला सांगतं, थोडी बाहेर सोड. पहाटे, जाग यायच्या आधी, आणखी काही संप्रेरकं तोच निरोप देतात, म्हणजे उठताना अंगात बळ असावं. निरोगी माणसात इन्सुलिन त्यांना आवर घालतं. वन्संचं कमी पडत होतं. चोरी नाही, झोपेत चालणं नाही.

“म्हणजे चिठ्ठी येते,” वन्सं म्हणाल्या.

“रोज पहाटे.”

“सही कुणाची?”

“तुमच्याच शरीराची.”

“मी तर झोपलेली असते.”

डॉक्टरीणबाईंनी गोळी आणि तिची वेळ बदलून दिली.

घरी आल्यावर वन्संनी वृद्धाश्रमात फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि बॅगेतल्या साड्या कपाटात लावल्या. मी मदतीला गेले.

“मी चोर नव्हते, ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पण आत जागं कोण असतं गं?”

“सगळ्यांच्याच आत असतं म्हणे. माझ्याही.”

“तुझ्याही?” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग दाराच्या कडीकडे. एकेचाळीस वर्षं बंद गोदामात एकटी बसलेली ती बाई साडीची घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली, “मला आता एकटीला झोप यायची नाही.”

१० फेब्रुवारी, शनिवार. पाणी वेळेवर. वन्संचा पलंग माझ्या खोलीत खिडकीकडे लावला. एक पाय आखूड निघाला, खाली पुठ्ठ्याची चौपदरी घडी घातली.