साडभावांचा पहाडी लसूण

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत संत्रं पिकवणारे पुष्कळ आहेत, कापूस पिकवणारे त्याहून पुष्कळ; पण सत्त्याहत्तर चौरस फुटांत बारा वर्षं एकाच लसणाचा पाठपुरावा करणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. मी मोजल्याशिवाय बोलत नाही. त्यांच्या अंगणातला वाफा अकरा फूट लांब आणि सात फूट रुंद, हे मी स्वतः टेप लावून पाहिलं आहे. बायकोची मोठी बहीण त्यांच्या घरी, त्यांचं घर आमच्या गल्लीत तीन दारं सोडून, त्यामुळे ही बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरच गेली. या काळात मी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली, चष्म्याचा नंबर चारदा बदलला. साडभावांनी फक्त लसूण लावला. कोणाचं काम मोठं, हे मला आता नक्की सांगता येणार नाही.

लोधीखेड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल मिळाली. शिवाय पुड्या बांधायचा जुना तराजू आणि गुरांचा थर्मामीटर त्यांनी साहेबांकडून मागून घेतला. तराजूवर ते लसणाची एकेक पाकळी तोलत. चार ग्रॅमच्या आतली पाकळी वाफ्यात जात नसे. थर्मामीटर ते दसऱ्याच्या सुमारास मातीत खुपसून ठेवत आणि उकिडवे बसून वाट पाहत. तो पस्तिसाच्या खाली काही दाखवतच नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "मले कुठं आकडा पायजे जी? पारा चढला म्हणजे मातीले ताप हाय, नाही चढला म्हणजे लावाले हरकत नाही." त्यांनी काढलेल्या दिवशी लावलेला लसूण कधी सडला नाही, हेही खरं.

बाजारातला लसूण त्यांच्या मते खायचा, लावायचा नव्हे. तो शीतगृहातून थंडी खाऊन आलेला, त्याची झोपमोड झालेली. असा लसूण जमिनीत काय मन लावणार? म्हणून दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ते उत्तरेच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पत्र लिहीत आणि तीस गड्डे मागवत. पैसे पुढे मोबाईलवरून जाऊ लागले, फोनवर बोलणंही होई, तरी पत्र जाईच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, लसूण टपालानं येते, तर आमंत्रण फोननं कसं द्यावं? पार्सल निघालं की साडभावांचा पाय घरात ठरत नसे. मोबाईलमध्ये बघून ते गल्लीला वर्दी देत: लसूण अंबाल्याला पोचला, लसूण दिल्लीहून निघाला, लसूण नागपुरात थांबून राहिला. पोरगी बाळंतपणाला माहेरी यायची असावी तसं सगळं चाले. अक्का म्हणजे माझी मेव्हणी तोंडाची स्पष्ट. ती म्हणायची, "माह्या टायमाले एकदाही स्टेशनवर नाही आले हे."

पहिल्या वर्षीचं पीक अजून गल्लीच्या लक्षात आहे. पात गुडघ्याएवढी झाली. मार्चात उपटली तर प्रत्येक झाडाखाली गोटीएवढा एकच गोळा, पाकळ्यांचा पत्ता नाही. डोंगरातला लसूण, त्याला इथली थंडी थंडी वाटलीच नसावी. समोरच्या किराणावाल्यानं विचारलं, काका, लसूण लावला होता का कंचे? साडभावांनी ते एकशे ऐंशी कंचे मलमलीच्या पिशवीत बांधून छताला टांगले आणि दसऱ्यानंतर तेच पुन्हा लावले. दुसऱ्या वर्षी काहींना दोन पाकळ्या सुटल्या. सहाव्या वर्षी लसणाला लसूण म्हणता येऊ लागलं. तरी दरवर्षी नवे तीस मागवणं चालूच. म्हणायचे, नवं रक्त लागते. मी म्हटलं, लसणाचं बी धरत नाही, पाकळीचीच पाकळी होते, मग रक्त मिसळणार कुठून? थोडा विचार करून म्हणाले, "रक्त नाही तर नाही, पण शेजार तर लागते ना जी."

त्यांना हवं होतं ते एकच. डोंगरातून येणारा मोठ्यात मोठा गड्डा बासष्ट ग्रॅमचा असे. तेवढा एक आपल्या मातीत भरावा. अकराव्या वर्षापर्यंत ते एकेचाळीसवर आले होते.

बाराव्या वर्षी त्यांच्या नागपूरच्या मुलानं गाडी घेतली. मुलगा भला आहे, दर शनिवारी आईबापांना भेटायला येतो. गाडी गल्लीत उन्हात उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओरखडे पडतात. अंगणात टिनाचं शेड टाकायचं तर वाफ्यावाचून जागा नाही. साडभावांनी वाद घातला नाही, एक हंगाम मागून घेतला. मुलगा म्हणाला, "बाबा, मार्चपर्यंत थांबतो. पण मग नका म्हणू का अजून एक साल."

त्या शेवटच्या हंगामाचं पार्सल आलं तेव्हा दोघं अक्काच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. पोस्टमननं ते माझ्याकडे दिलं. साडभावांनी फोनवर बजावलं की खोका तासाभरात उघडा, लसणाले श्वास घेऊ द्या. मी सांगितलेलं काम तंतोतंत करणारा माणूस. खोका उघडला, गड्डे मोजले, तीस भरले, आणि घरातली सर्वांत हवेशीर जागा पाहून तिथं पेपरवर पसरून ठेवले. ती जागा म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. लसूण स्वयंपाकघरात ठेवला तर त्याचं काय होईल, हे सांगायला कंपाउंडर लागत नाही, पण मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजले तर अठ्ठावीस. बायकोनं जवसाची चटणी कुटली होती. मी विचारल्यावर ती म्हणाली, सोलायले सोपे म्हणून त्यातले दोन मोठे घेतले. पार्सल आलेलं तिला माहीत होतं. पण आतला लसूण आणि खिडकीतला लसूण एकच, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी ते आले. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या अक्काला खुर्चीत बसवून ते सरळ आमच्याकडे. मी दारातच सगळं सांगून टाकलं: आले तीस, उरले अठ्ठावीस, गेले ते सर्वांत मोठे, चूक माझी. बायको पदर सावरून माझ्या मागे उभी होती. साडभाऊ खिडकीपाशी गेले. दोन रिकाम्या जागांवर त्यांनी बोट ठेवलं. मग माझ्या बायकोकडे वळून विचारलं, "चव कशी होती?"

ती गडबडली. म्हणाली, चांगली होती भाऊजी, झणझणीत होती.

"असं का," ते म्हणाले. "मले माहीत नाही."

ते काय म्हणाले, हे कळायला मला वेळ लागला. बारा वर्षांत त्यांनी तो लसूण चाखलाच नव्हता. मोठे गड्डे पुन्हा लावायला, लहान नातेवाइकांना, आणि घरात भाजीला शुक्रवारच्या बाजारातला. बायकोनं वाटीत चटणी आणून समोर धरली. त्यांनी वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि वाटी परत दिली. म्हणाले, "नको. खाल्लं का मंग लावावं नाही वाटत." राग नव्हता, उपदेश नव्हता. मी अनेक शिस्तीची माणसं पाहिली आहेत, मला स्वतःलाही लोक तसा समजतात. पण त्या क्षणी मला माझी शिस्त फार स्वस्तातली वाटली.

अठ्ठावीस गड्डे आणि घरचं बियाणं लावलं गेलं. त्या हिवाळ्यात ते रोज वाफ्यापाशी बसत, पण काही उकरून पाहत नसत. मार्चात पात पिवळी पडली. उपटायच्या दिवशी सिमेंटच्या सहा गोण्या भिंतीशी आलेल्या होत्या आणि मुलगाही आलेला होता. झाडं त्यानंच उपटली, न सांगता माती हलक्या हातानं झटकली. शेवटून तिसऱ्या ओळीत एक गड्डा निघाला तेव्हा तो उपटायचा थांबला. तोलायचं काम माझ्याकडे आलं. मी तराजू समतोल केला, दोनदा तोलला. साडभाऊ माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. बासष्ट म्हणणं अवघड नव्हतं. वजनं माझ्याच हातात होती.

"त्रेपन्न," मी म्हणालो.

ते हसले. "नऊ ग्रॅम मातीनं ठेवून घेतले. घेऊ द्या, बारा साल राबली ते."

मुलगा म्हणाला, बाबा, शेड पुढच्या साली टाकू. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सांगितलेल्या मुदतीला मागेपुढे करणं त्यांना दवाखान्यातही जमलं नव्हतं. बाकीचा लसूण त्यांनी गल्लीत वाटला, प्रत्येकाला दसऱ्यानंतर लावायचं बजावून. आणि त्रेपन्न ग्रॅमचा गड्डा कापसात गुंडाळून, खोक्यात घालून, त्या डोंगरातल्या म्हाताऱ्याला टपालानं पाठवला. सोबत चिठ्ठी होती: तुमचाच आहे, इथं एवढा भरला. अक्का म्हणाली, आता तरी एक पाकळी तोंडात टाकायची होती. पण तोवर खोक्याला दोरी बांधून झाली होती.

आता तिथं शेड आहे, खाली पक्का कोबा आहे. आठवडाभर जागा मोकळीच असते. गाडी शनिवारी येते, रविवारी जाते. मी ओट्यावर बसलेला असतो तेव्हा साडभाऊ सकाळी दूध आणायला निघताना दिसतात. दारातून फाटकापर्यंत कोब्यावरून सरळ वाट आहे. ते त्या वाटेनं जात नाहीत. पायरी उतरून भिंतीच्या कडेनं जातात, वाफ्याचा कोपरा होता तिथं वळतात, पाऊल जपून टाकतात आणि मग फाटकाशी येतात. त्यात सात पावलं जास्त पडतात. मी पुष्कळ दिवस मोजली आहेत.