एका संत्र्यासाठी बुरूज

अर्धी उतरण संपली तरी अगोस्तिनामावशी थांबायला तयार नव्हती. वायव्येचा वारा नुसता अंगावर धावून येत होता. मी शाल दातांत धरलेली, आणि ती बांधाच्या आडोशानं कंबरेत वाकून झपझप पुढं.

"मावशी, जरा दम घे गं."

"दम कशाला घ्यायचा? वारा फुकट तोंडात भरतोय, तोच गीळ."

सकाळी शेजारच्या पेपेनं दारात येऊन सांगितलं होतं, "अगोस्तिना, तुझा बुरूज पश्चिमेकडून ढासळलाय." आतलं झाड जगलं की मेलं, ते बघायला तो काही थांबला नव्हता. तेवढं ऐकून मावशी निघाली. सत्तरीच्या बाईला एकटं कसं सोडायचं, म्हणून मागोमाग मी.

बाहेरचे लोक आमच्या पांतेलेरिया बेटावर उन्हाळ्यात येतात, पोहतात, आणि इथं बारा महिने निळं आभाळ असतं असं समजून परत जातात. वाऱ्यानं बोट लागत नाही आणि दुकानातलं पीठ संपत येतं, तेव्हा ते इथं नसतात. इथली हवा म्हणजे वारा. त्याच्यापुढं ऑलिव्हचं झाडसुद्धा मान वर काढत नाही, जमिनीवर रांगतं. फळं आम्ही बसून तोडतो. द्राक्षाचे वेल खड्ड्यात, खुडूक कोंबडीसारखे दबून. संत्र्याला मात्र असं वाकता येत नाही. म्हणून एकेका झाडाभोवती दोन पुरुष उंचीची गोल भिंत रचायची. छप्पर नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. हाच आमचा बुरूज.

मावशी जन्मली त्या वर्षी तिच्या वडिलांनी ही भिंत घातली. वाटणीत भावांना शेत मिळालं, तिला लग्नात हे एक झाड. नवरा बोटीवर, मुलं मोठी होऊन दूर तोरिनो शहरातल्या कारखान्यात. दगड निसटला की तो बसवायला ती स्वतःच शिकली. त्या वेळी दारूच्या दुकानासमोर एकानं टोमणा मारला होता, "अगोस्तिना, आता मिशाही ठेव!"

"ठेवते की. तुझ्या बायकोला तरी एकदा चांगली मिशी बघायला मिळेल."

त्याच माणसाची बायको बाळंत झाली तेव्हा पहिली संत्री मावशीनंच पाठवली.

बुटक्या दारातून वाकून आम्ही आत गेलो. पश्चिमेला दारभर रुंद खिंडार पडलं होतं. त्याच्यासमोरची फांदी समुद्रवाऱ्यातल्या मिठानं करपून काळी पडलेली, डहाळ्या मोडलेल्या. मावशीनं ती फांदी हातात घेतली.

मग मी उत्तरेच्या बाजूला पाहिलं. तिथं भिंत उभी होती. तिच्या आडोशाची फांदी पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि एकही पाकळी हलत नव्हती. एका फुलात मधमाशी निवांत बसली होती. खिंडारातून दिसणारा समुद्र फेसानं पांढरा, कान बधिर करणारा आवाज, आणि इथं, हात पुढं केला तर लागेल एवढ्या अंतरावर, देवघरातली शांतता. माझा हात आपोआप कपाळाकडं गेला, मी क्रूसाची खूण केली. वारा ज्यानं केला, त्यानंच माणसाला दगडावर दगड ठेवायची बुद्धी दिली. याहून जास्त मला काही सुचलं नाही.

"हा वारा आणखी दोन दिवस आहे," मावशी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत ही बाजूपण करपेल. मग झालं."

एवढं बोलून ती खिंडारात जाऊन उभी राहिली, वाऱ्याकडं पाठ करून, काळी शाल दोन्ही हातांनी पसरून. शाल फडफडत होती, तिचे पाय सरकत होते. पण फुलं हलली नाहीत.

"मावशी, भिंत झालीस की काय?"

"मग? दुसरं कोण आहे इथं व्हायला?"

थोड्या वेळानं तिनं पायाशी पडलेल्या दगडांकडं पाहिलं. मग माझ्याकडं, डोक्यापासून पायापर्यंत.

"कातेरीना, माझं एक काम करशील? तू इथं उभी राहा. माझ्या दोन्ही बाजूंनी वारा आत जातोय, आणि तुला देवानं चांगलं रुंद केलंय. मी दगड लावायला घेते. पुरे म्हणेपर्यंत हलू नकोस, बाळ."