हळू बोलणारी माणसं

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, आणि तेवढ्यावर माझं कुठंच अडलं नाही.

नातीला पाहायला पाहुणे येणार होते. शहरात, नंदनवन वस्तीतल्या घरी मुलगा आदल्या दिवसापासून माझ्यामागं लागला. "बाबा, लोक सोफिस्टिकेटेड आहेत. वावर किती एकर, पगार किती, असलं काही विचारू नका."

"म्हणजे कसे असतात गा?"

"सुधारलेले. हळू बोलतात."

"आपल्या गावचा सावकारही हळूच बोलत होता."

हे सुधारणं मी जन्मभर पाहून राहिलो. माझ्या लहानपणी नरखेडकडं दारू सोडलेल्या माणसाला सुधारलेला म्हणत. पुढं ज्याच्या घरी संडास, तो सुधारलेला. मग सोफा आला. दारू सोडायला हिंमत लागत होती; सोफा टेम्पोतून येतो. आता तर दारूसुद्धा सुधारली. उंच काचेच्या पेल्यात बसली की तिला कोणी नाव ठेवत नाही.

पाहुणे आले. नवरा मुलगा आणि त्याचे आईबाप. पोहे खाताना चमचा वाजू दिला नाही. मी कबूल केल्याप्रमाणे गप्प होतो. मग मुलाचा बाप म्हणाला, "आमची डिमांड काहीच नाही. आम्ही त्यातले नाही. फक्त लग्न जरा सोफिस्टिकेटेड व्हावं. पेंचच्या जंगलाकडं एक रिसॉर्ट आहे. आता तुम्ही मुलीकडचे, तेव्हा..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. सुधारलेली माणसं वाक्य पुरं करत नाहीत. ते काम मुलीच्या बापाकडं असतं.

माझ्या मुलानं मान डोलावली अन् माझ्याकडं पाहिलं. नरखेडचा संत्र्याचा बगीचा अजून माझ्या नावावर आहे, आणि तो विकल्याशिवाय रिसॉर्ट होणार नव्हतं.

मी म्हणालो, "भाऊ, माझ्या लग्नात माझ्या बापानं सायकल मागितली होती. पाच लोकांसमोर, मोठ्यानं. सासऱ्यानं तितक्याच मोठ्यानं नाही म्हटलं. आता तुम्ही इतकं हळू मागून राहिले, तर आम्ही नाही कसं म्हणायचं, तेवढं सांगा."

"कळवतो," म्हणून ते उठले. हाही सुधारलेलाच शब्द.

सून म्हणाली, "स्थळ गेलं, बाबा." मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून.

नात उरलेल्या पोह्यांची बशी घेऊन माझ्याजवळ बसली. "आबा, बाप मागून राहिला होता अन् तो पोरगा पोहे खाऊन राहिला होता. मले नाही पाहिजे असा." सकाळपासून आईनं तिच्याकडून शहरी बोलण्याची तालीम करून घेतली होती. ती गेली वाया.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं नरखेडला गेलो, विहिरीवरची मोटर चालू केली आणि संत्र्याला पाणी दिलं.