मामांचा पाला आणि मामींची गोळी

देवानं एकही दुखणं असं निर्माण केलेलं नाही, ज्यावर माझ्या बायकोच्या मामांच्या दुकानात पाला नाही. आणि तो पाला एकदा पोटात गेलेला माणूस पुन्हा त्यांच्यापुढं कण्हल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. बरं वाटतं म्हणून नव्हे हो, दुसरा डोस मिळेल या धास्तीनं! सोलापूरच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात त्यांचं काष्ठौषधीचं दुकान आहे. दुकान कसलं, अख्खं रान पोत्यांत भरून ठेवलंय. आत पाऊल टाकलं की आधी शिंक येते आणि शिंकेवरचा उपाय लगोलग पुढं येतो. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, पांढरा सदरा आणि त्याच्या खिशात कायम कसलंतरी मूळ. भेटल्यावर लोक "कसं काय, बरं आहे ना?" विचारतात. मामा हात जोडून "शरणार्थ" म्हणतात आणि त्याच दमात, "पोट साफ?" माझ्या मेव्हणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवऱ्या मुलाला भर मांडवात जीभ बाहेर काढायला लावली होती. बिचाऱ्यानं काढली. त्याचा फोटो अजून अल्बमात आहे.

गोळी या वस्तूवर मामांचा जन्माचा राग. "झाडाला मूळ असतंय. गोळीला काय असतंय? कंपनी!" असं म्हणून ते समोरच्याला गप्प करीत. एकदा मी स्कूटरवरून घसरलो आणि गुडघा सुजवून त्यांच्याकडं गेलो, ही माझी चूक. त्यांनी लवंगी मिरची तेलात खलून माझ्या गुडघ्यावर थापली आणि वर फडकं बांधलं. क्षणभरात मी किंचाळत अंगणातल्या नळाकडं धावलो. मामा जमलेल्या नातेवाइकांना अभिमानानं सांगत होते, "बघा की! मगाशी चालाय येत न्हवतं, आता पळाय लागले जावई!" या घरात मामींनी सगळा संसार केला. त्या वळसंगच्या, जिभेला धार आणि मनानं लोणी. डोकं दुखलं की त्या मसाल्याच्या डब्यात वेलदोड्यांखाली लपवलेली गोळी गुपचूप घ्यायच्या आणि नंतर मामांनी दिलेला काढाही तोंड वाकडं न करता प्यायच्या. "सुंठीच्या काढ्यानं कसं उतरलं बघ!" मामा म्हणायचे. "व्हय की, तुमच्या हाताला यश हाय," मामी म्हणायच्या आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावायच्या. त्या गोळ्या पुरवणारा तस्कर मीच होतो.

मग मामींना कॅन्सर निघाला. निघाला तोच पाठीच्या मणक्यांपर्यंत पोचलेला. आम्हाला वाटलं, मामा आता दवाखान्याच्या पायरीवर सत्याग्रहाला बसणार. पण नाही. तपासण्यांना हो म्हणाले, सलाइनला हो म्हणाले, मशीनवरच्या किरणांच्या शेकालाही हो म्हणाले. अट एकच. "रोग डागदराचा, दुखणं माझं!" अशी त्यांनी खात्यांची वाटणी करून टाकली. आणि घात तिथंच झाला, कारण मामींना छळत होतं ते दुखणंच. मामांनी निर्गुडीचा शेक दिला, रुईची पानं गरम करून पाठीला लावली, हळदीचं दूध तर रोजचंच. पहिल्या पहिल्यांदा मामी म्हणायच्या, "मला भाजी करून टाकलंय बघा ह्यांनी. नुसती फोडणी द्यायची राहिलीया." पण पुढं पुढं त्या बोलेनाशाच झाल्या. टेकून बसता येईना, आडवं होता येईना, पदराचं टोक दातांत धरून खाटेच्या कडेवर वाकून बसलेल्या असायच्या. मामी गप्प बसलेल्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. मला ते बघवेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माळशिरसकडच्या, तरुण आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या दिलेल्याच होत्या. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "मामा, गोळ्या वेळेवर देताय ना?" मामा ताठ बसून म्हणाले, "न्हाय. आमच्या घरात गोळी चालत न्हाय. आमचं सगळं झाडपाल्याचं हाय." मला वाटलं, आता बाई चिडतील. त्या हसल्या. "अहो, ही गोळीसुद्धा झाडाचीच की! खसखशीचं बोंड असतं ना, त्याच्या चिकातून काढतात हे औषध." मामा खुर्चीतून उठलेच. "काय सांगता! मग आदी बोलायचं न्हाय का वो? म्हंजे आमच्यातलंच झालं की हे!" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू दवाखाना त्यांच्या दुकानाची शाखा होती. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "बोंडाचा चीक... म्हंजे अफू? पान-सुपारीलासुद्धा शिवत न्हाय वो आमी. हिला व्यसन लागलं तर?" बाई काही बोलणार, तेवढ्यात वाकून बसलेल्या मामी तोंडातला पदर काढून म्हणाल्या, "लागू द्या की! आता मी काय अफू खाऊन गड्ड्याच्या जत्रेत नाचणार हाय?" बाईंनी मग त्यांना शांतपणे समजावलं, की दुखणाऱ्या माणसाला मोजून मापून दिलेलं औषध म्हणजे व्यसन नव्हे. गोळी वेळेवर द्यायची, दुखण्याची वाट बघायची नाही.

मामा मान हलवत घरी आले आणि त्यांनी जे केलं, ते फक्त काष्ठौषधीवालाच करू जाणे. "अख्खं झाड आपल्या दुकानात असताना त्याचा अर्क कशाला? मूळ वस्तूच पोटभर देऊ की!" असं म्हणून त्यांनी दुकानातून खसखस आणली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः चुलीपुढं उभं राहून हुग्गी केली. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, तिच्यावर खसखस चिमूटभर घालतात. मामांनी वाटीनं ओतली. मी म्हणालो, "मामा, औषध बोंडाच्या चिकात असतं, दाण्यात नसतं. नाहीतर हुग्गी खाऊन सगळं सोलापूर लग्नाच्या पंगतीतच लोळलं असतं!" ऐकतील तर ते मामा कसले! ते खाटेशी बसले आणि चमच्यानं भरवू लागले. मामींनी नवऱ्याचं मन राखायला दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला पाठीतून अशी कळ आली की वाटी उडाली आणि मामींच्या तोंडून माहेरचं कानडीच निघालं, "साकु री! पुरे आता! सगळा जलम तुमचा पाला खाल्ला मी, तुमचं मन मोडू न्हाय म्हणून. आता माझ्यात जोर न्हाय वो. मला गोळी द्या."

मामांनी हातातला चमचा खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली. कसलीही साल, कसलंही मूळ अंधारात सोलणारा हा माणूस, पण पट्टीतून गोळी कशी काढायची ते त्यांना येईना. नखानं खरवडत राहिले. मी पुढं झालो तर त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि शेवटी दातानं फाडून गोळी काढली आणि मामींच्या तोंडात घातली.

एका गोळीत जादू झाली नाही. बाईंनी मात्रा थोडी वाढवली, आणि या औषधानं पोट साफ होत नाही म्हणून सोबत सोनामुखी घ्यायला सांगितली. सोनामुखी! मामांच्या दुकानात पोतंभर! दवाखान्यानं आपल्याकडचं औषध मागितलं, असं त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगितलं. आणि मग एका दुपारी मामी भिंतीला टेकल्या, टेकल्या टेकल्या आडव्या झाल्या आणि चक्क घोरायला लागल्या. मामा दारात उभे राहून बोळातल्या प्रत्येकाला गप्प करीत होते, भाजीवालीला, रिक्षावाल्याला, देवळातून घंटा वाजवून येणाऱ्यालाही, आणि डोळ्यांतून धार लागलेली. उठल्यावर मामी म्हणाल्या, "त्या दिवशी हुग्गीत गूळ कमी होता." मग त्या रोज काही ना काही बोलल्या. संक्रांतीला खुर्चीवर बसून तीळगूळ वाटला, सुनांच्या भाकरीला नावं ठेवली. उन्हाळा लागायच्या आधी गेल्या.

मामा अजून दुकानात बसतात. परवा मी तिथं असताना मोडनिंबचा एक माणूस आला. आईला कॅन्सर आहे, फार दुखतंय, काहीतरी पाला द्या म्हणाला. मामांनी पोत्याकडं हातसुद्धा नेला नाही. खसखशीचं सगळं त्याला समजावलं आणि म्हणाले, "आदी डागदराची गोळी, घड्याळ बघून. बाकीचं मागनं." त्यानं विचारलं, "तुमच्या घरात कुणाला गुण आला का त्यानं?"

"न्हाय वो, ती गेली," मामा म्हणाले. "पण कण्हत गेली न्हाय. गप झोपली हुती." मग त्या माणसाचा हात धरून म्हणाले, "मी जरा उशिरा दिली. तुमी उशीर करू नका."