एक ते नऊ आणि पुन्हा एक

"सात नंबरचे आजोबा परत आकडे बरळतायत," एक सिस्टर दुसरीला म्हणाली. मी पडद्याच्या अलीकडे डबा घेऊन उभी होते. ते बरळत नव्हते. माझे मोठे काका डोळे मिटून भागाकार करत होते, आणि तोही बरोबर... ती आमची शेवटची भेट. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला.

काका मूळचे जेऊरचे. सोलापुरात शाळेत भूगोल शिकवायचे, गणित हा नुसता नाद. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक संख्या धरली: १२३४५६७८९१. एक ते नऊ ओळीनं आणि पुन्हा एक. शेवटचा एक नसता तर अंकांची बेरीज पंचेचाळीस, नऊनं सरळ भाग गेला असता. "त्या एकानंच समदी मजा केली बघ," म्हणायचे. ही संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही का, हे त्यांना हातानं करून बघायचं होतं. सातनं भागून चार उरले, अकरानं सात, तेरानं अकरा... असं एकेक मूळ संख्या घेत पस्तीस हजारांच्या जरा पुढंपर्यंत जायचं. तिथवर भाग गेला नाही, तर पुढं जातच नाही. रोज सकाळी पाटी, पेन्सिल, ओलं फडकं. काकू पोहे परतता परतता विचारायची, "गेला का भाग?"

"न्हाय."

"एकदाचा जाऊ दे की. पाटी तरी सुटंल हातातनं."

फोनवर उत्तर क्षणात मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच मला ते बघायला लावलं. "बघून ठेव, पण सांगू नको. तुझ्या तोंडावरनं काय बी कळत न्हाय, म्हणून तुला." शाळेपासून घुमी म्हणून मी बोलणी खाल्ली होती, इथं त्याचाच उपयोग झाला. नंतर मात्र ते खडे टाकायचे. "आज लई गंभीर दिसतीस. जवळ आलो काय?" मी पोहे खात राहायचे.

त्या दिवशी पडद्याआड गेले तेव्हा ते चौतीस हजारांच्या पुढं पोचले होते. थोडंच राहिलं होतं, आणि तेवढंही होणार नाही हे आम्हा दोघांना दिसत होतं. पहिल्यांदाच मी विचारलं, "काका, सांगू?"

"नको. सांगितलंस तर केलेलं समदं वाया. राहिलेलं तू कर की. हातानं." मग कुठवर झालं ती संख्या त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली.

दिवसकार्य झाल्यावर मी ऑफिसातून परस्पर त्यांच्या घरी जाऊ लागले. आमच्या शाळेत पाटी नव्हतीच, त्यामुळे हात फार हळू चालायचा. एकदा बाकी शून्य आली. काकू चटकन जवळ आली. पुन्हा भागलं तेव्हा हातचा विसरल्याचं दिसलं, आणि ती आत गेली.

काल शेवटचा भागाकार झाला. काकू दारात उभी होती. "गेला का गं भाग?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नाही गेला, काकू," मी म्हणाले. "आता जाणारही नाही. मूळ आहे ती."